मूर्तीभोवतीची माणसे

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच दृश्य येते. मधोमध उंच चौथऱ्यावर मूर्ती, गळ्यात हार, पुढे फुले आणि मेणबत्ती. आपण येतो, वंदन करतो आणि परततो. चेहरा हुबेहूब उतरला आहे की नाही, यापलीकडे मूर्तीविषयी आपले फारसे बोलणे होत नाही. विहारात, चौकात, शाळेच्या प्रांगणात आपण नित्य शिल्पांच्या सान्निध्यात वावरतो. परंतु शिल्प हे पुस्तकासारखे वाचावयाचेही असते, माणसामाणसांतील नात्यांविषयी आणि समाजाविषयी ते काही निश्चित मत मांडीत असते, ही गोष्ट आपल्या ध्यानात क्वचितच येते.

या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय निवडला, त्याला कारण आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात पवनी येथे दोन हजार वर्षांहून जुनी शिल्पे सापडली आहेत आणि त्याच जिल्ह्यातील गावोगावच्या चौकांत आज बाबासाहेबांचे पुतळे उभे आहेत. या दोहोंच्या मध्ये महाराष्ट्रातील लेण्यांची दीर्घ परंपरा आहे. ही सर्व शिल्पे एका ओळीत ठेवून पाहिली, तर माणसाने माणसाशी कसे वागावे या प्रश्नाची एक अखंड चर्चा दगडात चाललेली दिसते. ती चर्चा आमच्या विद्यार्थ्यांच्या, त्यांच्या पालकांच्या आणि समाजबांधवांच्या कानी पडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिल्प कसे वाचावे?

वेलबुट्टी, कमळे, जाळ्या हीदेखील शिल्पकलाच होय. येथे मात्र आम्ही माणसांच्या आकृती असलेल्या शिल्पांविषयी बोलत आहोत. अशा शिल्पापुढे उभे राहिल्यावर चार साधे प्रश्न विचारावेत. कोण मोठे आणि कोण लहान दाखविले आहे? कोणाच्या हातात काय आहे? कोणाची दृष्टी कोणाकडे आहे? आणि दोन माणसांमध्ये अंतर किती आहे?

या प्रश्नांची उत्तरे शिल्पकाराने योगायोगावर सोडलेली नसतात. दगडात एक बोट कोरावयाचे तर कित्येक तास छिन्नी चालवावी लागते. म्हणून शिल्पात जे आहे ते ठरवून ठेवलेले असते आणि जे नाही तेही पुष्कळदा ठरवूनच वगळलेले असते. राजा मोठा आणि सेवक गुडघ्याएवढा कोरला, तर ती समाजरचना शिल्पकाराने मान्य केली असे समजावे. दोघे सारख्या उंचीचे कोरले, तर त्याने काही वेगळे सांगितले.

पवनीचे रिकामे आसन

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे प्राचीन काळी तटबंदीचे नगर होते. तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूस नदी, अशी त्याची रचना आजही ओळखता येते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे संयुक्त उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडी आणि हरदोलाला टेकडी या नावांनी गावकरी ज्या उंचवट्यांना ओळखत, त्यांच्या पोटात बौद्ध स्तूप असल्याचे या उत्खननाने सिद्ध झाले. स्तूपाची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे जाते आणि त्याभोवतीची शिल्पांकित दगडी वेदिका, म्हणजे कठडा, त्यानंतरच्या काळातील आहे.

या वेदिकेच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. बोधिप्राप्तीनंतर भगवान ध्यानस्थ असताना अवकाळी पाऊस आणि थंड वारा सुटला, तो सात दिवस राहिला. तेव्हा मुचलिंद नागाने आपला फणा त्यांच्यावर छत्रासारखा धरला. पवनीच्या शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे, त्याचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे, उपासकही आहेत. बुद्धांची मानवी आकृती मात्र नाही. त्यांच्या जागी रिकामे आसन आहे.

हे एकट्या पवनीचे वैशिष्ट्य नव्हे. भारहूत, सांची आणि पवनी या आरंभीच्या स्तूपांवर बुद्ध मनुष्यरूपात दाखविण्याची पद्धतच नव्हती. बोधिवृक्ष, रिक्त आसन, धम्मचक्र, पाऊलखुणा, स्तूप अशा चिन्हांनी त्यांचे अस्तित्व सूचित केले जाई. मथुरा आणि गांधार येथे बुद्धमूर्ती घडू लागल्या, त्या पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत. यामागील कारणांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात न शिरताही एक गोष्ट डोळ्यांना दिसते. मधली जागा रिकामी असल्यामुळे आपली दृष्टी आपोआप भोवतालच्या माणसांकडे जाते. कोण आले आहे, हात कसे जोडले आहेत, स्त्री-पुरुष कसे उभे आहेत, हेच त्या शिल्पाचे मुख्य विधान होऊन बसते. गुरू दिसत नाही. गुरूमुळे एकत्र आलेला समाज दिसतो.

आणि त्या समाजात नागालाही स्थान आहे. ज्याला पाहून माणूस पळतो किंवा काठी उचलतो, तो प्राणी येथे रक्षणकर्ता झाला आहे आणि त्याचे नाव आदराने कोरले आहे. ज्यांना लोक भितात, ज्यांना गावाबाहेर ठेवतात, त्यांच्याच अंगी सर्वांत मोठी करुणा असू शकते, असा या शिल्पाचा अर्थ आम्ही लावतो. १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि त्यांनी केलेल्या धम्मप्रसाराचा उल्लेख केला होता, हे येथे सहज आठवते.

विसमितेचे दान

वेदिकेची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. उभे स्तंभ असतात, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दगडांना सूची म्हणतात आणि सर्वांच्या माथ्यावरून जाणाऱ्या दगडी पट्टीला उष्णीष म्हणतात. एक माणूस सगळी वेदिका उभारीत नसे. कोणी एक स्तंभ देई, कोणी एक सूची. ज्याने जे दिले त्यावर त्याचे नाव कोरले जाई.

पवनीच्या अशाच एका लेखात विसमिता नावाच्या स्त्रीचे दान नोंदविलेले आहे. तिच्या नावापुढे राणीपदाचा किंवा कुळाचा उल्लेख नाही. दान कशासाठी, हे मात्र तिने स्पष्ट सांगितले आहे: सर्व सत्त्वांच्या सुखासाठी. पवनीतच नाग नावाच्या आणखी एका दात्याचा उल्लेख आहे आणि त्याला पाचही निकायांचा जाणकार म्हटले आहे. बुद्धवचनांचा विद्वान आणि एक साधी उपासिका यांची नावे एकाच स्तूपाच्या दगडांवर राहिली आहेत.

भारहूतच्या वेदिकेवर भोजकट येथील दिङ्नागा नावाच्या भिक्षुणीचे दान आहे. भोजकट म्हणजे आपल्या विदर्भातील, अमरावतीजवळचे भातकुली असे मानले जाते. विदर्भातील एक भिक्षुणी इतक्या दूरच्या स्तूपासाठी दान देते, यावरून त्या काळच्या संघातील स्त्रियांच्या आत्मविश्वासाची कल्पना यावी. सांचीला तर अशा दानलेखांची संख्या शेकड्यांनी आहे आणि त्यांत स्त्रियांची, भिक्षुणींची नावे विपुल आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे आणि त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी केलेल्या कामाचीही नोंद आहे. राजाचा अधिकारी आणि बाजारपेठेतील कारागीर येथे शेजारी आहेत.

आपल्या भागात लग्नकार्यात भांडे देताना त्यावर नाव घालून देण्याची रीत आहे. भंडाऱ्याचे पितळ तर प्रसिद्धच. विहारातील पंख्यावर आणि शाळेच्या बाकांवरही आपण दात्याचे नाव वाचतो आणि कधी कधी त्याची थट्टाही करतो. परंतु त्या रीतीचे मूळ फार जुने आहे. फरक पडला आहे तो एवढाच की विसमितेने नावाच्या पुढे सर्वांच्या सुखाची इच्छा लिहिली होती. आपण नावापाशी थांबतो.

ओझे वाहणाऱ्याचे हसू

दानाच्या नोंदी पुष्कळ आहेत. घडविणाऱ्याची नावे त्या मानाने कमी सापडतात. म्हणून पितळखोऱ्याच्या यक्षाचे महत्त्व वेगळे आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील या लेण्यांत एक बुटका, पोट सुटलेला यक्ष सापडला, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्ही हात वर करून त्याने डोक्यावर पात्र पेलले आहे आणि तो मनमोकळे हसतो आहे. त्याच्या हातावर लेख आहे: कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने हा घडविला.

प्राचीन शिल्पांत ओझे वाहणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणाच्या खांद्यावर खांब, कोणाच्या डोक्यावर तुळई. बहुतेक वेळा ती केवळ आधारासाठी असतात. त्यांच्या चेहऱ्याकडे कोणी पाहात नाही. कण्हदासाने त्या ओझेकऱ्याला चेहरा दिला आणि त्या चेहऱ्यावर आनंद ठेवला. त्याच्या हातावर स्वतःचे नाव घालून त्याने आणखी एक गोष्ट केली: वाहणारा हात आणि घडविणारा हात एकत्र आणले. श्रम करणाऱ्यालाही व्यक्तिमत्त्व असते, हे सांगावयाला यापेक्षा अधिक शब्द लागत नाहीत.

हाच धागा आधुनिक काळात रामकिंकर बैज यांच्या हाती आला. १९३८ साली शांतिनिकेतनात त्यांनी सिमेंट आणि मुरुमाच्या खड्यांतून 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभारले. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, कावडीच्या एका टोपलीत मूल बसले आहे, शेजारी स्त्री चालते आहे आणि सोबत कुत्रा आहे. एवढा मोठा आकार तोवर राजे, गव्हर्नर आणि देवदेवता यांच्यासाठी राखलेला असे. बैज यांनी तो कामाच्या शोधात निघालेल्या एका आदिवासी कुटुंबाला दिला. आमच्या अनेक पालकांना हे शिल्प समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरदार पाठीवर घेऊन कामाच्या गावी जाणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यांच्या मुलाला कावडीत बसून जावे लागू नये, यासाठीच तर निवासी शाळा असते.

कार्ल्याची जोडपी

पुण्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांची भव्य युगुले आहेत. मिथुन हा शब्द आज वेगळ्या अर्थाने कानावर येतो. येथे त्याचा अर्थ केवळ जोडपे असा आहे. स्त्री आणि पुरुष जवळजवळ सारख्या उंचीचे, सारख्या डौलाने उभे आहेत. स्त्री पुरुषाच्या मागे लपलेली नाही, त्याच्या पायाशी बसलेली नाही. दोघांचीही दृष्टी समोरून येणाऱ्या माणसाकडे आहे, जणू घराच्या दारात उभे राहून दोघे मिळून पाहुण्याचे स्वागत करीत आहेत.

येथील लेखांत भदसम नावाच्या भिक्षूने मिथुनशिल्प दान दिल्याची नोंद आहे. संसाराचा त्याग केलेला भिक्षू गृहस्थ जोडप्याचे शिल्प देतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्याने स्वतः तो मार्ग स्वीकारला नव्हता, तरी त्या मार्गाची प्रतिष्ठा त्याला मान्य होती. याच लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने प्रवेशद्वाराचे काम करविल्याचे लेख आहेत. यवनांनी दिलेले स्तंभही आहेत. सुतार, अत्तरवाला, परदेशी आणि भिक्षू, असे सारे मिळून हे एक दार उभे राहिले.

हारितीची कथा

आमच्या मते आमच्या शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शिल्प अजिंठ्याच्या क्रमांक २ च्या लेण्यात आहे. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मुख्य गाभाऱ्याच्या बाजूला एक लहान उपगृह आहे. तेथे हारिती आणि तिचा पती पांचिक यांची बसलेली मोठी शिल्पे आहेत. हारितीच्या मांडीवर मूल आहे.

हारिती ही राजगृहातील यक्षिणी. तिला पाचशे मुले होती. त्या मुलांवर तिचे अलोट प्रेम होते आणि ती मात्र नगरातील इतरांची मुले पळवून खात असे. लोक बुद्धांकडे गेले. त्यांनी तिच्यावर शस्त्र उगारले नाही, तिला शापही दिला नाही. तिचे सर्वांत लाडके मूल त्यांनी लपवून ठेवले. ती वेडीपिशी होऊन सर्वत्र शोधीत फिरली आणि अखेर त्यांच्यापाशी आली. तेव्हा त्यांनी विचारले, पाचशेपैकी एक हरवले तर तुझी ही अवस्था. ज्यांचे एकुलते एक तू नेलेस त्यांचे काय झाले असेल? हारितीचे परिवर्तन झाले आणि ती बालकांची रक्षणकर्ती झाली.

अजिंठ्याच्या शिल्पकाराने ही कथा एका भिंतीवर बसविली आहे. वरच्या एका कोपऱ्यात क्रुद्ध हारिती बुद्धांवर चाल करून येते. दुसऱ्या कोपऱ्यात ती नम्र होऊन त्यांच्यापुढे आहे. मधोमध ती शांतपणे बसली आहे, आई म्हणून. म्हणजे आई होण्यापूर्वीचे तिचे क्रौर्य शिल्पकाराने लपविलेले नाही. आपल्या मुलावर प्रेम करणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. ती क्रूर यक्षिणीलाही जमत होती. परक्याचे मूल आपल्या मुलासारखे वाटणे, ही शिकावी लागणारी गोष्ट आहे.

या शिल्पाच्या पायथ्याशी मुलांची एक आडवी पट्टी कोरलेली आहे, ती अवश्य पाहावी. एका टोकाला गुरुजी बसले आहेत, हातात छडी आहे. त्यांच्या जवळची मुले पाटी घेऊन मन लावून अभ्यास करीत आहेत. मागची मात्र खेळण्यात दंग आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीची ही शाळा पाहून कोणाही शिक्षकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. पण ती तेथे विनोदासाठी ठेवलेली नाही. हारिती ज्यांना खात होती तीच ही मुले. आता तिच्या पायाशी ती निर्भयपणे शिकत आहेत, खोड्या करीत आहेत. समाज सुधारला की नाही हे पाहावयाचे तर मागच्या बाकावरचे मूल निर्भय आहे की नाही ते पाहावे, असा निकष या शिल्पकाराने आपल्या हाती दिला आहे. निवासी शाळेचे सारे तत्त्वज्ञान या पट्टीत सामावलेले आहे. दुसऱ्याचे मूल रात्री तापाने फणफणले असता उशाशी बसणारी वसतिगृहातील ताई किंवा अधीक्षक यांना हारितीची कथा वेगळी सांगावी लागत नाही.

मैत्रीसाठी खोदलेले लेणे

अजिंठ्याचेच क्रमांक २६ चे लेणे महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे सात मीटर लांबीची ही आकृती उजव्या कुशीवर विसावलेली आहे. वरच्या बाजूला देवगण आहेत. खाली शोकमग्न शिष्य आणि उपासक. पायांकडे हातावर डोके टेकून बसलेला भिक्षू आनंद असावा, असे अभ्यासक मानतात. सर्व संस्कार अनित्य आहेत हे ज्याने उभ्या आयुष्यात सर्वांत अधिक वेळा ऐकले, तोच येथे दुःखाने खचला आहे. शिल्पकाराने त्याचे दुःख कमीपणाचे मानले नाही. धम्म कळलेल्या माणसालाही रडू येते. नाते तुटण्याची वेदना खरी असते.

या लेण्यातील शिलालेख बुद्धभद्र या भिक्षूचा आहे. अश्मकाचा अमात्य भव्विराज याच्याशी असलेल्या जन्मोजन्मीच्या मैत्रीस्तव आणि आपल्या मातापित्यांसाठी हे लेणे करविल्याचे तो सांगतो. भिक्षू आणि मंत्री यांची मैत्री, तीही डोंगर खोदण्याइतकी गाढ. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी याहून समर्पक शिल्प आम्हांला ठाऊक नाही.

चौथरा किती उंच असावा?

आता आपल्या चौकांकडे येऊ. आधुनिक पुतळ्याची परंपरा आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजली. राणी, गव्हर्नर, दाते यांचे पुतळे उंच चौथऱ्यांवर बसविले जात. चौथऱ्याची उंची हेच त्यांचे विधान असे: आम्ही वर, तुम्ही खाली.

युरोपातही या प्रथेला आव्हान मिळाले. फ्रान्समधील कॅले शहराला १३४७ साली इंग्रजांच्या वेढ्यातून वाचविण्यासाठी सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून, किल्ल्या हाती घेऊन शत्रूकडे गेले होते. त्यांच्या स्मारकाचे काम ऑग्यूस्त रोदँ या शिल्पकाराकडे आले. त्याने विजयी वीर घडविले नाहीत. भ्यालेली, थकलेली, तरीही पुढे पाऊल टाकणारी सहा माणसे घडविली. ही माणसे उंचावर नकोत, जमिनीलगत उभी करा, म्हणजे आजचे नागरिक त्यांच्यातून चालतील, असा त्याचा आग्रह होता. १८९५ साली अनावरण झाले तेव्हा ते ऐकले गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर मात्र शिल्प खाली आणले गेले.

आपल्या चौकांतील पुतळ्यांचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. ज्या समाजाला गावात मान वर करून चालण्याची मुभा नव्हती, त्याने आपल्या माणसाला उंचावर उभे केले, तेव्हा त्या उंचीचा अर्थ अहंकार असा होत नाही. ती शतकांच्या अपमानाला दिलेली दुरुस्ती होती. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे एकाच ठिकाणी उभे राहिले. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. फुल्यांना ते आपल्या गुरूंपैकी एक मानीत. त्यामुळे बिंदू चौकात दोन थोर पुरुषांबरोबर त्यांच्यातील गुरुशिष्याचे नातेही उभे आहे.

शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात उभारला गेला. कोट-टाय, पुढे केलेला उजवा हात, डाव्या बाजूला ग्रंथ, हे रूप पुढे देशभर गेले आणि गावोगावच्या कारागिरांनी सिमेंटात, फायबरात ते आपापल्या परीने घडविले. काही चेहरे हुबेहूब नाहीत, काही हात लांब झाले आहेत. आमच्या मते त्याने काही बिघडत नाही. आपले चार प्रश्न या पुतळ्याला विचारून पाहा. हातात काय आहे? शस्त्र नाही, पुस्तक आहे. अंगावर काय आहे? ज्यांना नीट वस्त्र नेसण्यासही बंदी होती त्यांच्या वंशजाचा पूर्ण पोशाख आहे. दृष्टी कुठे आहे? आपल्याकडे नाही, बोट दाखविते त्या दिशेला, पुढे. हा पुतळा स्वतःकडे पाहा असे सांगत नाही. त्या दिशेने चला असे सांगतो.

चौथा प्रश्न अंतराचा. तो अवघड आहे. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. हयात असताना ज्यांना आपल्या जिल्ह्याने निवडून दिले नाही, त्यांचा पुतळा आज जिल्ह्यात जागोजागी आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि त्याचा निषेध करणाऱ्यांवरील गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पुतळे तेव्हाही होते. पुतळा उभा राहिला म्हणजे माणसामाणसांतील अंतर मिटले, असे होत नाही, हे इतिहासाने आपल्याला फार कठोरपणे शिकविले आहे. आणि आपल्यापैकी ज्यांना हे अंतर बाहेरच्यांच्या वागण्यात दिसते, त्यांनी ते आपल्या घरातही शोधावे. जयंतीला पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांनी लेकीचे शिक्षण थांबविले असेल, पोटजातीचा प्रश्न काढून लग्न मोडले असेल, तर पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या त्या आकृतीचे विधान आपण वाचलेलेच नाही.

मोकळी राहिलेली जागा

पवनीच्या शिल्पात मधली जागा रिकामी होती आणि भोवतालची माणसे दगडात कोरलेली होती. आजच्या चौकात याच्या उलट घडले आहे. मधली आकृती घडलेली आहे; भोवतालची माणसे कोणी कोरलेली नाहीत. ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे. आपण तेथे कसे उभे राहतो, कोणाला शेजारी घेतो, कोणाला मागे ठेवतो, यावर ते शिल्प पूर्ण व्हावयाचे की अपुरे राहावयाचे हे ठरते.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना घेऊन एकदा पवनीला जावे, जगन्नाथ टेकडीवर उभे राहावे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात प्राचीन शिल्पे पाहावीत. जमेल तेव्हा अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात त्या शाळेपाशी थांबावे. केवळ छायाचित्र काढून परतू नये. मुलांना ते चार प्रश्न विचारू द्यावेत आणि उत्तरे त्यांचीच असू द्यावीत. शिक्षकांनी वैनगंगेच्या मातीतून मुलांकडून आकृती घडवून घ्याव्यात, एकट्या माणसाच्या नव्हे, तर दोघांच्या: आई आणि मूल, दोन मित्र, शिक्षक आणि विद्यार्थी. दोन आकृतींमध्ये किती अंतर ठेवावे, हे ठरविताना मूल जे शिकेल ते निबंध लिहून शिकणार नाही.

पवनीच्या त्या उपासिकेने एक दगड दिला. तिचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही, तिचे शिल्प कोणी घडविले नाही. तिचे नाव आणि तिची इच्छा मात्र टिकून राहिली. ज्यांनी या शाळेच्या भिंतीत, पाटीत, भाकरीत आपला वाटा घातला, ते सारे तिच्याच वेदिकेतील आहेत. त्यांच्या दानाचाही हेतू तोच ठरो: सर्वांना सुख लाभो.